तारणाचा मक्ता कोणाकडे?

ख्रिस्ती मनुष्यानें दुसऱ्यास तारणाचा उपदेश करण्याची गरज आहे काय, हा प्रश्न हल्लीं गांवोगांवीं भांडणाच्या रूपानें पुढें येतो. एखादा उपदेशक पुस्तक घेऊन वस्तींत आला कीं एक पक्ष म्हणतो, यास हांकून द्या. दुसरा म्हणतो, हाच आपला तारणारा. या ओढाताणींत ज्याच्या आत्म्याची एवढी काळजी चालली आहे, त्या शेतकऱ्यास किंवा चांभारास त्याचें स्वतःचें मत काय, हें कोणी विचारीत नाहीं. म्हणून या गोष्टीचा विचार आमच्या वाचकांच्या बाजूनें करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम हक्काची गोष्ट उरकून घेऊं. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानें प्रत्येकास आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यांत त्याचा अर्थ असा केला कीं, प्रसार म्हणजे आपलीं तत्त्वें दुसऱ्यास समजावून सांगणें. दुसऱ्यास आपल्या धर्मांत आणण्याचा हक्क त्यांत येत नाहीं. तेव्हां कीर्तनकार चावडीपुढें उभा राहून विठ्ठलाचें नांव सांगतो, तसें पाद्र्यानें येशूचें नांव सांगितलें तर त्यास काठी दाखविण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु हक्क असणें निराळें आणि गरज असणें निराळें. माझा मार्ग मला गोड लागला, असें सांगणें ही एक गोष्ट. माझ्या मार्गावांचून तूं बुडालास, असें सांगणें ही अगदीं दुसरी.

मिशनऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत, हें आम्ही मोकळेपणीं कबूल करितों. जोतीराव फुले यांचें इंग्रजी शिक्षण पुण्यांत स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें. अहमदनगरास मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांस हुरूप आला, आणि १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. ज्या काळीं महारमांगांचें पोर शाळेच्या ओसरीवरही चढूं देत नसत, त्या काळीं मिशनच्या शाळांनीं त्यास अक्षर दिलें. जोतीरावांनीं १८७३ च्या 'गुलामगिरी'त येशूस बळीराजाच्या पंक्तीस बसविलें. इतकें असून त्यांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं. त्याच सालीं सप्टेंबरांत त्यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला, आणि निर्मिक व मनुष्य यांच्यामध्यें दलाल नको, हें त्याचें मुख्य तत्त्व ठेविलें. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं छापलेल्या पुस्तकांत तर एकाच घरांत आई एका धर्माची, बाप दुसऱ्या, मुलें आणखी निराळ्या धर्मांचीं, आणि सर्वजण प्रेमानें एकत्र नांदत आहेत, असें घर त्यांनीं वाचकांपुढें उभें केलें. आतां विचार करा. मिशनरी शाळेचें श्रम फुकट गेले काय? जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत म्हणून त्या शाळेनें पेरलेलें बीं कुजलें काय? तें तर शंभरपट उगवलें! यावरून चांगलें काम करण्यास तारणाच्या अटीची गरज पडत नाहीं, एवढें उघड होतें.

आमची तक्रार आहे ती मक्त्याबद्दल. भटजीनें आपल्या बापजाद्यांस काय सांगितलें? स्वर्गाची किल्ली माझ्या कंबरेला आहे; माझ्या हातावर पाणी सोडल्याखेरीज तुझा बाप वैतरणी तरणार नाहीं. जन्मापासून तेराव्यापर्यंत या मक्त्यापायीं कुणब्यानें बैल विकले, सोनारसुतारांनीं हत्यारें गहाण टाकलीं. तो जाच झुगारून देण्यांत आपल्या चळवळीच्या कैक लोकांचें आयुष्य गेलें. मग तोच मक्ता धोतर सोडून झगा घालून आला, तर त्यास आपण रामराम कां म्हणावें? देवानें कोट्यवधि माणसें जन्मास घातलीं आणि तरण्याचें दार एकाच गोटाच्या हातीं दिलें, हें मानणें म्हणजे देवास पक्षपाती ठरविणें होय.

यावर भाविक ख्रिस्ती म्हणेल, शेजाऱ्याचें घर पेटलें असतां त्यास न उठविणें हें पाप आहे. शिवाय सर्व राष्ट्रांस शिष्य करा, अशी आमच्या प्रभूची आज्ञा आहे. या बोलण्यांतील कळकळ आम्ही खोटी म्हणत नाहीं. परंतु घर खरोखर पेटलें आहे कीं नाहीं, याविषयीं त्यांच्याच वडील मंडळींनीं पुनर्विचार केला आहे. रोमन कॅथलिक पंथाच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं असें मान्य केलें कीं, ज्यांस स्वतःच्या दोषावांचून ख्रिस्ताची ओळख झाली नाहीं, पण जे खऱ्या मनानें देवास शोधतात व सदसद्विवेकास अनुसरून वागतात, त्यांसही तारण मिळूं शकतें. त्या पंथानें उपदेश थांबविला नाहीं, हेंही खरें. पण भीति घालण्याचें कारण तर उरलें नाहीं! आज्ञा पाळावयाचीच असेल तर ती साक्ष देऊन पाळतां येते. ज्याच्या शेतांत जोंधळा कमरेइतका उभा आहे, त्याच्या बांधावर शेजारी आपण होऊन बियाणें मागावयास येतो. तुझें रान नापीक आहे, असें त्यास ओरडून सांगावें लागत नाहीं.

अशी साक्ष देणारे आपल्या महाराष्ट्रांत झाले आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे जन्मानें ब्राह्मण. १८९५ सालीं ते ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें ते मानीत, आणि अभंग व कीर्तन त्यांनीं कधीं सोडलें नाहीं. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी चाकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला, आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसही जागा ठेविली. असा मनुष्य दारीं आला तर त्यास कोण हांकून देईल?

भाकरी आणि बाप्तिस्मा एका हातानें वाटूं नयेत, हें तर कित्येक मिशनऱ्यांसही कळत होतें. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळांत तेलुगु मुलखांतील ओंगोल येथें जॉन क्लफ नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यानें बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा एक भाग मक्त्यानें घेऊन भुकेल्यांस मजुरी दिली. मदतीचें काम चाललें होतें तोंवर त्यानें बाप्तिस्मे बंद ठेविले. पुढें १८७८ च्या जुलईंत एकाच दिवशीं २,२२२ लोकांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांत चामड्याचें काम करणारे मादिग लोक पुष्कळ होते. ते लोक कां गेले, याचें उत्तर धर्मांतराच्या नांवानें बोटें मोडणारांनीं आधीं द्यावें. ज्यास विहिरीवर पाणी नाहीं व देवळांत पाऊल नाहीं, तो दुसरें दार ठोठावणारच. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३५ सालीं येवल्यास हिंदु धर्म सोडण्याचें जाहीर केल्यावर अनेक धर्मांच्या पुढाऱ्यांनीं त्यांस बोलावणीं धाडलीं. त्यांनीं एकवीस वर्षें विचार केला, आणि १९५६ सालीं नागपुरास आपल्या बुद्धीस पटलेला बुद्धाचा धम्म घेतला. धर्म घ्यावा तर असा पारखून.

म्हणून वाचकहो, उपदेशक दारीं आला असतां त्यास शिव्या देऊं नका. पाणी द्या, बसावयास घोंगडी द्या आणि तीन प्रश्न विचारा. पहिला: तुमचें औषध, शाळा किंवा धान्य घेतलें आणि धर्म घेतला नाहीं, तर तें पुढें चालू राहील काय? दुसरा: कागदोपत्रीं माझें काय होईल? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्याच ठेविल्या. १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस त्या मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यास मिळत नाहींत. हें नुकसान उपदेशक सोसत नाहीं, ऐकणाऱ्याचीं मुलें सोसतात. तेव्हां तें आधीं सांगणें त्याचें कर्तव्य आहे. तिसरा: तुमच्यांत आल्यावर माझी मुलगी तुमच्यांतील वरच्या जातीच्या घरीं सून म्हणून जाईल काय? भारतांतील कॅथलिक बिशपांच्या मंडळानेंच २०१६ सालीं आपल्या धर्मसभेंत अस्पृश्यता शिल्लक असल्याचें कबूल केलें आहे, म्हणून हा प्रश्न विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. आणि "घरीं परत या" म्हणून सांगणारे आले, तर त्यांसही हेच तीन प्रश्न विचारण्यास विसरूं नका. तिसऱ्या प्रश्नापाशीं दोन्ही पक्षांचा आवाज बहुधा सारखाच खालीं येईल.

ख्रिस्ती बंधूंस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, तुम्हांस येशूचा आनंद झाला असेल तर तो अवश्य सांगा. विचारील त्यास अधिक सांगा. पण आम्ही बुडालेले आहों, असें धरून चालूं नका. निर्मिकानें आम्हांसही बुद्धि दिली आहे. गाडगें घेतांना कुंभारासमोर तें वाजवून पाहण्यास आम्ही लाजत नाहीं, मग जन्मभराचा धर्म न वाजवितां कसा घ्यावा?