तीन फोल्डर म्हणजे विभागणी नव्हे

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी रद्द झाले. त्यांतल्या बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या, काही मोजक्या ४० वर गेल्या. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा कराचा बदल होता. बिलिंगचा प्रोग्राम सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने ती त्याच्या कोडची जाहीर परीक्षा होती. दर एका जागी, लागू होण्याच्या तारखेसकट ठेवलेले असले की टेबलात नव्या ओळी घालून काम संपते. पण बिलाच्या पानावर, पीडीएफमध्ये, माल परतीच्या फॉर्मवर आणि मासिक अहवालात कराचा गुणाकार दर वेळी नव्याने लिहिलेला असला, तर आधी ती सगळी ठिकाणे हुडकावी लागतात, आणि एखादे नजरेतून सुटले तर ते ग्राहक शोधून देतो.

पीएचपीत मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर (एमव्हीसी) वेगळे ठेवावेत की नाही, हा वाद असे प्रसंग समोर ठेवून घालायला हवा. नाहीतर तो ज्याच्या त्याच्या आवडीनिवडीचा होऊन बसतो. माझी बाजू आधीच सांगतो. विभागणी हवीच. मात्र आज बहुतेक प्रोजेक्टांत विभागणी म्हणून जे चालते, ते नुसते फाइलींचे वर्गीकरण आहे. त्यामुळे विभागणी नको म्हणणाऱ्यांशी जितके भांडायचे आहे, तितकेच ती झालीच आहे असे मानून निर्धास्त बसलेल्यांशीही.

पहिला पूर्वपक्ष पीएचपीच्या जुन्या जाणकारांचा. ते म्हणतात, ही भाषा जन्मतःच टेम्प्लेटची आहे. रासमुस लर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये ती लोकांपुढे ठेवली तेव्हा एचटीएमएलच्या मध्येच कोड लिहिता येणे हाच तिचा गुण होता. फाइल सर्व्हरवर टाका, पान चालू. जे जोडलेले म्हणूनच लोकप्रिय झाले, ते तोडायचे कशाला?

यातला इतिहास खरा आहे, निष्कर्ष नाही. सगळे एकत्र ठेवण्याची किंमत काय, हे या भाषेनेच भोगले आहे. ‘मॅजिक कोट्स’ आठवा. फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी पीएचपी आपणहून उलटी तिरकी रेघ घालत असे, कारण तो मजकूर पुढे एसक्यूएलमध्ये जाईल असे गृहीत होते. डेटाबेसची चिंता रिक्वेस्टच्या दारातच उरकून टाकायची, असा हा बेत. पण तोच मजकूर कधी सरळ पानावर छापला जाई, कधी ईमेलमध्ये जाई, आणि गोव्यातल्या-वसईतल्या डि’सूझा, डि’सिल्वा मंडळींच्या आडनावात ती रेघ उमटे. बरे, डेटाबेसला तरी त्याने पुरते संरक्षण मिळाले का? तेही नाही. अखेर २०१२ मध्ये ५.४ या आवृत्तीतून ही सोय काढून टाकली. मजकूर एचटीएमएलमध्ये जाणार की जेसनमध्ये की एसक्यूएलमध्ये, हे बाहेर पडण्याच्या जागीच कळते. म्हणून त्याची बांधबंदिस्तीही तिथेच व्हायला हवी. विभागणीचा धडा पीएचपीला कुणा पुस्तकाने दिला नाही, तिच्या स्वतःच्या चुकीने दिला.

लर्डॉर्फ यांची साक्ष काढणाऱ्यांनी ती पूर्ण काढावी. २००६ साली त्यांनी फ्रेमवर्कशिवाय एमव्हीसी कसे करता येते यावर लिहिले. सगळ्या रिक्वेस्ट एकाच मोठ्या कंट्रोलरमधून ओढण्याला त्यांचा विरोध होता. पण डेटाबेसचे काम, पानामागचा तर्क आणि पडद्यावरचे एचटीएमएल वेगळे ठेवण्याला नव्हता. उलट ती विभागणी त्यांनी साध्या फाइलींनी करून दाखवली. म्हणजे भाषेच्या जनकाने नाकारला तो फ्रेमवर्कचा डामडौल. पीएचपी टेम्प्लेटची भाषा आहे ना? मग तिला टेम्प्लेटमध्ये खुशाल वापरा. व्ह्यूत साधे पीएचपी लिहिले म्हणून विभागणी बुडत नाही. तिथे कर मोजायला घेतला की बुडते.

दुसरा पूर्वपक्ष अधिक अभ्यासू आहे. ट्रिग्वे रीन्सकाउग या नॉर्वेजियन संगणकतज्ज्ञाने १९७९ मध्ये झेरॉक्स पार्कमध्ये स्मॉलटॉकसाठी एमव्हीसी मांडले. तिथे मॉडेल स्मृतीत जिवंत असे, ते बदलले की व्ह्यूला खबर लागे आणि व्ह्यू स्वतःला पुन्हा रेखाटे. पीएचपीत रिक्वेस्ट आली की प्रोग्राम जन्मतो, उत्तर दिले की मरतो. इथे कोण कुणाला खबर देणार? तेव्हा वेबवरचे एमव्हीसी हे उसने नाव आहे. सिम्फनीचे कर्ते फॅबियन पोटॅन्सिए यांनीही २०११ मध्ये स्पष्ट केले होते की सिम्फनी २ हे एमव्हीसी फ्रेमवर्क नसून रिक्वेस्ट घेऊन रिस्पॉन्स देणारे फ्रेमवर्क आहे.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. वेबवर आले नाही ते खबर देण्याचे यंत्र. रीन्सकाउग यांचा हेतू त्याहून मोठा होता: वापरणाऱ्याच्या मनात त्याच्या कामाचे जे चित्र असते, तेच संगणकात मॉडेल म्हणून उभे राहावे. दुकानदाराच्या मनात बिल, दर, उधारी, परत आलेला माल असतो. रूट, सेशन आणि कुकी नसतात. पोटॅन्सिए यांचे म्हणणेही शेवटपर्यंत न्या. फ्रेमवर्कचे काम रिक्वेस्ट ते रिस्पॉन्स एवढेच असेल, तर दुकानदाराचे नियम फ्रेमवर्कच्या बाहेर राहिले. ते कुठे ठेवायचे हे तुम्हीच ठरवायचे आहे. नाव खोटे ठरले म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

तिसरा पूर्वपक्ष बाजारातला. वर्डप्रेस एमव्हीसी नाही, तरी जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात. मग एवढा सोपस्कार कशाला?

वर्डप्रेसमध्ये मॉडेल-कंट्रोलर अशी नावे नाहीत, हे खरे. पण ते इतके पसरले त्यामागे एक साधी गोष्ट आहे: थीम बदलली तरी लेख जागेवर राहतात. दिसणे आणि असणे यांतली भिंत तिथे आहे. ती जिथे पाडली जाते तिथे काय होते, हेही वर्डप्रेसवर काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. एखाद्याने उत्पादनांचा नवा पोस्ट-प्रकार थीमच्या फंक्शनच्या फाइलीत नोंदवला आणि वर्षभराने मालकाने थीम बदलली, की उत्पादने डेटाबेसात असूनही पडद्यावरून गायब. म्हणूनच थीम बदलल्यावरही टिकायला हवे ते प्लगिनमध्ये ठेवा, असा तिथला शिरस्ता आहे. पूर्वपक्षाने काढलेला साक्षीदार आमच्या बाजूने बोलला. चार पानांच्या आणि एका संपर्क-फॉर्मच्या साइटला फ्रेमवर्क लागत नाही, हे मात्र बिनशर्त मान्य. जिथे नियमच नाही तिथे तो वेगळा काय काढणार?

चौथा पूर्वपक्ष आजचा आहे. पडदा आता रिअॅक्ट किंवा व्ह्यू-जेएस रंगवते; पीएचपी मागे बसून जेसन पुरवते. व्ह्यूच सर्व्हरवरून गेला, मग एमव्हीसी उरले कुठे?

व्ह्यू गेलेला नाही, त्याचे रूप बदलले. जेसन हेही बाहेर दाखवायचे रूपच. हे न कळल्यामुळे कित्येक ठिकाणी कंट्रोलर डेटाबेसमधली ओळ उचलून जशीच्या तशी जेसन करून देतो, आणि खरेदीची किंमत, आतले शेरे, कधी पासवर्डचा हॅशसुद्धा ब्राउझरला पोहोचतो. ई-इनव्हॉइसने तर हा मुद्दा कायद्यानेच समोर आणला. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवरच्या उलाढालीला आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतली बिले ठरलेल्या साच्यातल्या जेसनमध्ये सरकारी पोर्टलवर नोंदवणे बंधनकारक झाले. बिल तेच, दर तोच, रूपे दोन: एक ग्राहकाच्या हातातला कागद, दुसरे यंत्राला वाचायचा मजकूर. कागदावर रक्कम १२,३४,५६७ अशी लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी, हवी तर देवनागरी अंकांत. पोर्टलला तीच रक्कम स्वल्पविराम नसलेली. ज्याने बेरीज आणि स्वल्पविराम एकाच ओळीत लिहिले, त्याला दुसऱ्या रूपासाठी बेरीज पुन्हा लिहावी लागली. दोन ठिकाणच्या बेरजा कधी ना कधी एक रुपयाने चुकतातच.

आता आपल्याच गोटाकडे वळू. इथला गैरसमज विरोधकांच्या आक्षेपांहून घातक आहे, कारण तो विभागणीच्याच नावाने चालतो. लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये एका कमांडने मॉडेल, कंट्रोलर आणि टेबलाची मायग्रेशन तयार होते. फाइली तीन, फोल्डर तीन. म्हणजे झाली विभागणी, अशी समजूत होते. मग तीनशे ओळींच्या एकाच मेथडमध्ये फॉर्मची तपासणी, कर, साठा वजा करणे, ईमेल आणि पुढच्या पानावर पाठवणे सगळे एकत्र नांदते, आणि मॉडेल मात्र टेबलाचे नाव सांगण्यापुरते उरते. फोल्डरला किती महत्त्व द्यायचे, हे लारावेलच्या इतिहासातच दिसते. २०१५ मध्ये पाचव्या आवृत्तीने मॉडेलचा फोल्डर काढून टाकला आणि २०२० मध्ये आठव्या आवृत्तीने तो परत आणला. या दोन्ही बदलांनी कुणाची विभागणी बिघडली नाही आणि कुणाची सुधारलीही नाही.

व्ह्यूतली गळती आणखी लपून राहते. पन्नास बिलांच्या यादीत टेम्प्लेट प्रत्येक बिलापुढे ग्राहकाचे नाव मागते. ओळ निरागस दिसते, एसक्यूएलचा तिथे मागमूस नसतो. पण ग्राहक आधी आणलेले नसतील तर त्या एका ओळीपायी पन्नास वेगळ्या क्वेरी जातात, यादीची धरून एक्कावन्न. पान हळू चालते, आणि दोष सर्व्हरला दिला जातो. व्ह्यूने डेटाबेसशी बोलू नये असा नियम सगळे सांगतात. तो मोडतो आहे हे मात्र कोडकडे पाहून कळत नाही. म्हणून यादी लागणारे सगळे घेऊनच व्ह्यूकडे यावी, आणि विकासाच्या यंत्रावर लारावेलने देऊ केलेली ‘लेझी लोडिंग’वरची, म्हणजे अशा ऐन वेळच्या क्वेरींवरची, बंदी चालू असावी.

मग रेघ कुठे आखायची? १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी याचे उत्तर दिले, तेव्हा वेब नव्हते आणि पीएचपी तर नव्हतीच. त्यांचे म्हणणे असे की प्रोग्राम कामाच्या पायऱ्यांनुसार तोडू नका. पुढे बदलू शकणारा प्रत्येक निर्णय एकेका विभागात लपवा. ही कसोटी बिलाला लावून पाहा. कोल्हापूरहून सांगलीला माल गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, बेळगावला गेला तर आयजीएसटी. जुन्या तारखेच्या बिलाची दुसरी प्रत काढताना जुनाच दर. हे निर्णय जीएसटी परिषद बदलते, म्हणून ते मॉडेलमध्ये. लोगो, समास, अंक, स्वल्पविराम दुकानदार बदलतो, म्हणून ते व्ह्यूत. मागणी ब्राउझरने केली की मोबाइलच्या अॅपने, मागणारा कोण, काम झाल्यावर त्याला कुठे न्यायचे, हे वेबच्या रिवाजाप्रमाणे बदलते, म्हणून ते कंट्रोलरमध्ये. बदल मागणारे तीन वेगळे आहेत म्हणून भाग तीन. चौथा कुणी निघाला तर चौथा भाग काढायला हरकत नाही.

या तीन रेघांत माझ्या लेखी एकच अपरिहार्य आहे: नियम आणि वेब यांमधली. व्ह्यू आणि कंट्रोलर थोडे एकमेकांत गुंतले तर पान कुरूप होते. नियम वेबमध्ये गुंतला तर हिशेब चुकतो. म्हणून कसोटीही तिथेच लावावी. ब्राउझर न उघडता, कमांड लाइनवरून तेच बिल त्याच रकमेचे निघते का? रात्री आपोआप चालणाऱ्या कामाला बिले काढायची असतील तर त्याला कंट्रोलरचे पाय धरावे लागतात का? कराची टेस्ट लिहायला खोटी रिक्वेस्ट उभी करावी लागते का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि बाकी दोन्हींचे ‘हो’ असेल, तर फोल्डर कितीही नेटके असोत, विभागणी झालेली नाही.

याची किंमत आहे, आणि ती लपवू नये. पोहोचवण्याच्या पत्त्याचा एक रकाना वाढवायचा तर मायग्रेशन, मॉडेल, फॉर्म, तपासणी आणि छापील बिल अशा पाच जागी हात लावावा लागतो. हा त्रास विभागणीचा नाही; पत्ता खरोखरच पाच जागी लागतो. पण एका ओळीच्या क्वेरीभोवती रिपॉझिटरी, तिच्याभोवती इंटरफेस, त्यावर सर्व्हिस असे थर चढवणे, आणि त्यांतला एकही थर कधी स्वतंत्रपणे बदलणार नसणे, ही मात्र विभागणीची विटंबना आहे. कोण काय बदलायला लावील याचे उत्तर नसताना आखलेली रेघ फक्त वाचणाऱ्याला थकवते.

मुलाखतीत उमेदवाराला एमव्हीसीचे पूर्ण रूप विचारण्याची पद्धत आता सोडून द्यावी. ते कुणालाही पाठ होते. त्याऐवजी त्याच्यापुढे एक नियम ठेवा आणि विचारा: हा उद्या बदलला तर कोणती फाइल उघडशील, आणि दुसरी का उघडावी लागणार नाही? जो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो त्याला विभागणी समजली आहे, मग त्याने लारावेल वापरलेले असो, कोडइग्नायटर असो, की कोणतेच फ्रेमवर्क नसो.