पसंतीक्रमाची शेवटची ओळ



आलापल्लीच्या एका वाचक बांधवाने आम्हाला विचारणा केली आहे. ते लाकूड डेपोत रोजंदारीने काम करतात. मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय तिने घेतले आहेत आणि दहावीला तिला नव्वदच्या वर टक्के होते. नीट आणि सीईटी या दोन्ही परीक्षांना ती बसणार आहे. बांधव लिहितात, "एक जण म्हणतो, पोरगी हुशार आहे, एमबीबीएसशिवाय काही लिहू नका. दुसरा म्हणतो, आपल्याला कुठं मिळते, जवळचं काहीतरी टाकून मोकळे व्हा. आम्ही कोणाचे ऐकावे?"

हा प्रश्न एका घराचा नाही. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या वाटांवरच्या प्रत्येक वस्तीत आज असे एखादे होतकरू मूल आहे. म्हणून उत्तर या सदरातूनच देत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की दोघांचेही ऐकू नये. पहिल्याच्या सल्ल्याने वर्ष वाया जाऊ शकते. दुसऱ्याच्या सल्ल्याने मुलीची गुणवत्ता वाया जाते. पगारदाराच्या घरी एखादे वर्ष गेले तर मूल पुन्हा परीक्षेला बसते. रोजंदारीच्या घरी वर्ष गेले की मुलगा कामाला लागतो आणि मुलीसाठी स्थळे यायला लागतात. आपल्या मुलांची यादी म्हणूनच अधिक काळजीने करायला हवी.

यादीत तीन थर हवेत

डेपोत सगळे सागवान एकाच थप्पीत लावत नाहीत. लांबी, गोलाई आणि प्रत पाहून थप्प्या वेगळ्या होतात. महाविद्यालयांचेही तसेच करावे. पहिला थर स्वप्नातला : जिथे मिळणे कठीण आहे, पण अशक्य नाही. दुसरा आवाक्यातला : जिथे मागील वर्षी आपल्या मुलीएवढ्या क्रमांकाच्या मुलांना प्रवेश मिळाला. तिसरा हक्काचा : जिथली यादी आपल्या मुलीच्या क्रमांकाच्या बऱ्याच खाली जाऊन बंद होते.

बहुतेक पालक पहिल्या थरावर सगळी चर्चा करतात. आम्ही म्हणतो, कागद घेऊन बसलात की आधी शेवटची ओळ लिहा. ती लिहिताना मुलीला एकच विचारा : "बाकी काहीच मिळाले नाही आणि हे मिळाले, तर तू मनापासून जाशील का?" उत्तर "नाही" आले तर ती ओळ खोडा आणि दुसरी शोधा. जिथे जायचेच नाही ती जागा हक्काची कशी म्हणायची? शेवटची ओळ पक्की झाली की वरच्या ओळी निर्भयपणे लिहिता येतात.

क्रम इच्छेचा लावा, भीतीचा नाही

एक गैरसमज आम्हाला जागोजागी आढळतो. "वर मोठे कॉलेज लिहिले आणि ते मिळाले नाही, तर खालचेही हातचे जाईल." तसे होत नाही. संगणक गुणवत्ता क्रमांकाप्रमाणे एकेका विद्यार्थ्याची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा शिल्लक आहे तिथे थांबतो. वरची चार महाविद्यालये मिळाली नाहीत म्हणून पाचव्याचा हक्क जात नाही. उलट, भीतीने सोपे कॉलेज वर लिहिले तर तेच पदरात पडते आणि त्याहून चांगले मिळत असूनही मिळत नाही.

अभियांत्रिकीच्या अर्जात क्रमाला आणखी एक महत्त्व आले आहे. २०२५ च्या प्रवेशात नियम असा होता, की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे मिळाले तर तो प्रवेश आपोआप कायम होतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम लागू होता. म्हणजे वरच्या सहा ओळी गंमत म्हणून भरायच्या नाहीत. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची सीईटी कक्षाची माहिती पुस्तिका स्वतः वाचावी. अर्ज सेतू केंद्रावर किंवा नेट कॅफेत भरायला हरकत नाही, पण पसंतीक्रम तिथल्या माणसावर सोडू नये. घरून कागदावर लिहून न्यावा, मुलीने शेजारी बसून भरावा आणि छापील प्रत घरी आणावी.

गुण नव्हे, क्रमांक पाहा

"मागच्या वर्षी अमुक गुणांना मिळाले होते" या बोलण्यावर यादी करू नका. २०२४ च्या नीटच्या सुरुवातीच्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. पेपर सोपा की अवघड यावर गुण चढतात, उतरतात. त्यामुळे तुलना करायची ती राज्य गुणवत्ता यादीतील क्रमांकाची आणि आपल्या प्रवर्गातील क्रमांकाची. मागील दोन-तीन वर्षांच्या याद्या पाहा. प्रत्येक महाविद्यालयापुढे शेवटचा क्रमांक लिहा आणि त्याखाली आपल्या मुलीचा क्रमांक मांडा. थर आपोआप दिसतील.

येथे एक गोष्ट ठसवून सांगतो. हुशार मुलीने फक्त राखीव जागांची यादी पाहू नये, खुल्या गुणवत्तेचीही पाहावी. खुल्या गुणवत्तेत जागा मिळाली तर ती राखीव जागेत मोजली जात नाही आणि आपल्यातल्या आणखी एका मुलाला वाट मोकळी होते. राज्यात अनुसूचित जाती आणि बौद्धांसाठी १३ टक्के जागा आहेत, केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के. धर्मांतरित बौद्धांना केंद्रात हा हक्क १९९० च्या दुरुस्तीनंतर मिळाला. त्याआधीच्या पिढीला जे दार बंद होते ते आज उघडे आहे. ते अर्जात लिहायचे मात्र आपल्यालाच.

आलापल्लीच्या मुलीची यादी

वैद्यकीय शिक्षणापासून सुरुवात करू. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय फेरीतून आणि ८५ टक्के राज्याच्या फेरीतून भरतात. हे दोन अर्ज वेगळे आहेत आणि दोन्ही भरायचे आहेत. नागपूरच्या एम्सच्या जागा अखिल भारतीय फेरीतूनच मिळतात. पूर्वी राज्यात वैद्यकीय प्रवेशाला विभागवार ७०:३० ची अट होती. ती २०२० मध्ये रद्द झाली. आता विदर्भाची मुलगी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयासाठी बरोबरीने स्पर्धा करते आणि लातूर-पुण्याची मुले चंद्रपूरसाठी करतात.

स्वप्नातल्या थरात नागपूरचे एम्स, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मेयो लिहावे. आवाक्यातल्या थरात यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया आणि २०२४ मध्ये सुरू झालेली गडचिरोली व भंडारा ही महाविद्यालये तपासावीत. जुन्या शहरी महाविद्यालयांच्या याद्या सहसा आधी बंद होतात, नव्यांच्या नंतर. पण नक्की थर मुलीचा क्रमांकच ठरवील. गडचिरोलीच्या १०० जागांपैकी ८५ राज्याच्या आणि त्यात आपल्या प्रवर्गाच्या साधारण अकरा. आकडा लहान आहे. म्हणूनच एकाच महाविद्यालयावर आशा ठेवू नये.

"गडचिरोली जवळ आहे" म्हणून ते सर्वांत वर ठेवू नका आणि "आपलेच गाव" म्हणून कमीही लेखू नका. आलापल्लीहून तेही शंभर किलोमीटरच्या वर आहे, वसतिगृह तिथेही लागणारच. हिवताप आणि सिकलसेल या आपल्या भागाच्या आजारांचे शिक्षण मात्र तिथे रुग्णांजवळ उभे राहून मिळेल.

हक्काच्या थरासाठी एमबीबीएसच्या बाहेर पाहावे लागते. नीटच्या गुणांवरच नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा प्रवेश आहे. त्याचा अर्ज पशुविज्ञान विद्यापीठाकडे वेगळा करावा लागतो आणि तारीख चुकली की संधी गेली. नीटवरच आयुर्वेद आहे, सीईटीवर औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी. जंगलात वाढलेल्या मुलीला अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील वनशास्त्राची पदवी परकी वाटू नये. ज्या सागाने आलापल्लीचे नाव झाले, त्या जंगलाचा कारभार पाहणाऱ्या खुर्चीवर आपली मुलगी का नसावी?

गणित असल्याने अभियांत्रिकीची दुसरी वाटही मोकळी ठेवा. पुण्याचे सीओईपी आणि मुंबईचे व्हीजेटीआय वर, मग नागपूरच्या शासकीय संस्था, मग चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. जेईई दिली असेल तर नागपूरच्या व्हीएनआयटीच्या निम्म्या जागा महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांसाठी असतात, हे विसरू नका. आयआयटी आणि एनआयटीत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ आहे.

दोन वाटांवर एकाच वेळी चालणे आपल्याला नवे नाही. १९१६ साली बाबासाहेब लंडनला गेले तेव्हा त्यांनी अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि कायद्यासाठी ग्रेज इनमध्ये, असे दोन्हीकडे नाव घातले. १९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्याने परतावे लागले, पण त्यांनी परत जाण्याची वाट राखून ठेवली. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

अकरावीलाच पाहायच्या गोष्टी

आपल्या भागातील काही पालक मुलांना अकरावी-बारावीसाठी सीमेपलीकडे तेलंगणात पाठवतात. शिक्षण चांगले असेलही. परंतु महाराष्ट्राच्या ८५ टक्के वैद्यकीय जागांसाठी दहावी आणि बारावी राज्यातून होणे सर्वसाधारणपणे आवश्यक असते. तसेच अभियांत्रिकीच्या काही महाविद्यालयांत विद्यापीठ क्षेत्रानुसार जागा असतात आणि ते क्षेत्र बारावी कुठून झाली यावरून ठरते. आलापल्लीची मुलगी गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात येते, लातूरला बारावी केली तर नांदेडच्या. पाठवू नका असे आम्ही म्हणत नाही. नियम वाचून पाठवा.

दुसरी गोष्ट कागदांची. जातीचा दाखला अहेरीच्या उपविभागीय कार्यालयातून, त्याची पडताळणी गडचिरोलीच्या जिल्हा समितीकडून. पडताळणीचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत बारावीच्या आतच जायला हवा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल पंजीतील नोंद, जमिनीचा जुना कागद आजच शोधायला घ्या. केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा लागतो. यादी कितीही चांगली असली तरी पडताळणी नसेल तर राखीव जागा हातची जाते.

खर्चाचा रकाना

यादीत प्रत्येक महाविद्यालयापुढे खर्चाचा एक रकाना आखा. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वर असेल तर फ्रीशिप. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर उत्पन्न आणि गुणांच्या अटी पूर्ण करणाऱ्यांना स्वाधार योजनेतून नागपूर, पुणे, मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. हे पैसे मात्र उशिरा खात्यात येतात. पहिल्या तीन महिन्यांची खानावळ, गादी, पुस्तके आणि बल्लारशाहपर्यंतची एसटी व पुढची गाडी यांसाठी आधीपासून थोडे बाजूला काढावे. व्यवस्थापन कोट्यातील जागेला ही सवलत लागू होत नाही. "जागा मिळवून देतो" म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा.

मुलगी एकटी नागपूरला कशी राहील, ही चिंता आम्हाला कळते. मुलाच्या यादीतून मात्र त्याच चिंतेने कोणी नागपूर खोडत नाही. चिंता वाटली तर वसतिगृह पाहून या, तिथल्या आपल्या मुलींशी बोला, मग ठरवा.

येत्या रविवारी बुद्ध वंदना झाल्यावर विहारातच अर्धा तास थांबा. बारावीची मुले, त्यांचे पालक आणि गावातला एखादा शिकलेला भाऊ किंवा ताई एकत्र बसा. प्रत्येकाने कोऱ्या कागदावर आधी शेवटची ओळ लिहावी, मग सर्वांत वरची, मग मधल्या. अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री घाईत केलेल्या यादीपेक्षा अशी यादी नक्कीच बरी होईल.