सूत्रे पाठ का करता?

विद्यार्थी मित्रांनो, रासायनिक सूत्रे घोकून पाठ करणे मला पटत नाही. घोकलेले सूत्र नेमके परीक्षेतच आठवत नाही! त्यापेक्षा आयनांवरील प्रभार लक्षात ठेवा. ॲल्युमिनियमच्या आयनावर 3 धनप्रभार असतात, ऑक्साइडवर 2 ऋणप्रभार. मग 2 ॲल्युमिनियम आणि 3 ऑक्साइड घ्या. सहाला सहा, बाकी शून्य. सूत्र तयार!

आपल्याला आणखी एक अडचण येते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, सूत्र मात्र डावीकडून उजवीकडे, आधी धातू. उर्दू ओळीत मध्येच सूत्र आले की नजर गोंधळते. तेथे क्षणभर थांबा. खालचा लहान आकडा डाव्या बाजूच्या संज्ञेचा असतो. मॅग्नेशियम क्लोराइडच्या सूत्रातला शेवटचा 2 क्लोरीनचा आहे, मॅग्नेशियमचा नव्हे.