पुरावा आपल्या टेबलावर

सिकलसेलवर जनुकीय उपचार आला, ही बातमी आता जुनी झाली. ‘कॅसजेव्ही’ला २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्र संस्थेचा ‘बिरसा १०१’ हा देशी उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. बातम्यांत शास्त्रज्ञ दिसले, डॉक्टर दिसले, प्रयोगशाळेतला टेक्निशियन दिसला नाही. त्याची खंत नको. या उपचाराचा पहिला आणि शेवटचा पुरावा आपल्याच टेबलावर तयार होतो, तो पक्का असावा एवढेच आमचे म्हणणे.

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी निरोगी आणि सिकल हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात सोडले. दोन्ही वेगवेगळे सरकले. ग्लुटामिक आम्लाची जागा व्हॅलिनने घेतली की ऋण प्रभार घटतो, हे त्याचे कारण पुढे उलगडले. आपली इलेक्ट्रोफोरेसिसची पट्टी हाच प्रयोग रोज करते. एचपीएलसीचा कॉलमही प्रभारावरूनच हिमोग्लोबिन ए, एस आणि एफ वेगळे काढतो. कॅसजेव्ही गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन एफ पुन्हा वाढवते. ते वाढले का, हे सांगतो एफचा पीक.

पण रुग्ण त्या उपचारापर्यंत पोचायचा, तर आधी सापडायला हवा. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या मुलाची सुरुवात सोल्युबिलिटी टेस्टनेच होणार. तिच्यातल्या डायथायोनाइटला हवा किंवा ओल लागली, की सिकल हिमोग्लोबिन असूनही द्रावण गढूळ होत नाही, नळीमागच्या रेघा स्पष्ट दिसतात आणि आजारी मूल ‘निगेटिव्ह’ ठरून घरी जाते. सहा महिन्यांच्या आतले बाळ असले किंवा तीव्र रक्तक्षय असला तरी हाच धोका. पॉझिटिव्ह आली तरी मूल वाहक की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी लागतेच. आणि नुकतेच रक्त चढवले असेल, तर तीही फसवते.

म्हणून तीन गोष्टी आजपासून पाळा: अभिकर्मकाच्या बाटलीवर उघडल्याची तारीख, प्रत्येक तुकडीबरोबर एक ज्ञात पॉझिटिव्ह आणि एक ज्ञात निगेटिव्ह नमुना, आणि फॉर्मवर वय व शेवटचे रक्त चढवल्याची तारीख.

बुलढाण्याच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे आमची मागणी एकच. जिल्ह्यातल्या टेक्निशियनांना एचपीएलसीचा आलेख वाचायला शिकवा. प्रिंटआउट काढून केसपेपरला टाचणे म्हणजे वाचणे नव्हे.