काकांच्या लेटरहेडवरचे हजार तास

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली रुग्ण तपासणारा सहकारी, व्हायचं तर प्रवेशाआधी रुग्णसेवेचा अनुभव लागतो, ही बातमी आता धारवाडच्या मराठी घरांतही पोचली आहे. कुणाची भाची टेक्सासात असते, कुणाचा पुतण्या न्यू जर्सीत. इथल्याही पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सच्या चार मुलांच्या डोक्यात तो विचार घोळू लागला आहे. अशा मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना जमवून गावातल्या एका जाणत्या गृहस्थांनी नुकताच उपदेश केला. त्यांचं नाव घेत नाही. नाव घेतलं की वाद माणसाशी होतो, आणि मला भांडायचं आहे ते त्यांच्या मताशी. ते मत एकट्या त्यांचं असतं तर हा कागद खर्ची घातलाच नसता.

त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा. अनुभव ही परदेशी कॉलेजांची एक औपचारिकता आहे. नात्यातला एखादा डॉक्टर काका गाठावा, सुट्टीत दोन महिने त्याच्या मागे उभं राहावं आणि त्याच्या लेटरहेडवर पत्र घ्यावं. किती तास लिहायचे ते आधी सांगून ठेवावं. शिकल्यासवरल्या मुलांनी आया-वॉर्डबॉयची कामं करू नयेत, त्यातून शिकायला काही मिळत नाही. बेलूर-धारवाडसारख्या ठिकाणी दुसरी संधी तरी कुठे आहे? आणि उरलेला वेळ मार्कांसाठी द्यावा, कारण शेवटी मार्कच बोलतात. भाषण संपलं तेव्हा टाळ्या पडल्या. आईवडील निश्चिंत झाले, काकालोकांचा भाव वधारला.

किरकोळ मुद्दे आधी मिटवू. मार्क बोलतात, कबूल. पण तापाने ग्लानीत पडलेल्या रुग्णाशी ते बोलत नाहीत. मुलींनी रात्रपाळी कशी करायची, असं एका पालकांनी विचारलं म्हणे. वॉर्डात रात्रभर जागणाऱ्या सिस्टर याही कुणाच्या मुलीच असतात, एवढं उत्तर पुरे. भारतात या पेशाला विचारतो कोण, हा प्रश्नही जुना झाला. चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये या शिक्षणाला १९९२ साली सुरुवात झाली आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने ‘फिजिशियन असोसिएट’ या नावाने या पेशाला मान्यताप्राप्त आरोग्य-व्यवसायांच्या यादीत जागा दिली.

आता हिशेब. अमेरिकेतल्या काही संस्था पाचशे तास मागतात, बऱ्याच हजार, काही दोन हजार. काही अजिबात मागत नाहीत, पण त्यांचा उल्लेख भाषणात नव्हता, कारण मग काकांची गरजच उरत नाही. हजार तास धरू. दोन महिन्यांत हजार तास म्हणजे रविवार धरून रोज साडेसोळा तासांहून जास्त. काकांची ओपीडी सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते आठ. उरलेले साडेअकरा तास मुलगा नेमका कुणाची शुश्रूषा करत होता? काकूंच्या स्वयंपाकघरात धारवाडी पेढ्याची? अर्ज तपासणाऱ्याला बेरीज-भागाकार येत नसावा, अशी श्रद्धा असल्याशिवाय असं पत्र लिहिता येत नाही.

आणि ते तास खरे असले तरी चुकीच्या रकान्यातले. अमेरिकेत बहुतेक संस्थांचे अर्ज एका सामाईक व्यवस्थेतून जातात. तिथे रुग्णाची प्रत्यक्ष सेवा हा एक रकाना, रुग्णाला हात न लावता हॉस्पिटलात केलेलं काम हा दुसरा, आणि डॉक्टरांच्या मागे उभं राहून पाहणं हा तिसरा. गृहस्थ जो ‘अनुभव’ सुचवतात तो सगळा तिसऱ्या रकान्यात जातो. पाहण्यालाही मोल आहे. हा पेशा आपल्याला झेपेल का, ते त्याने कळतं. पण सेवेच्या रकान्यात तो बसत नाही. बसवला तर ते खोटं ठरतं.

याहून वाईट प्रकार दुसराच. परदेशात वाढलेली मुलं सुट्टीत इकडे येतात आणि ओळखीच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन, टाका घालून जातात. तिकडे जे करायला बंदी, ते इकडे कौतुकाने करू देतात आणि वर फोटो काढतात. हावेरीहून, गदगहून पहाटेची बस धरून आलेल्या बाईला कुठे माहीत असतं, की टाका घालणारी मुलगी अजून कसलंच शिक्षण घेतलेली नाही? त्या बाईला कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनेच विद्यार्थ्यांना बजावलं आहे, की मायदेशी जे करण्याची परवानगी नाही ते परदेशात करू नका. अर्जात मिरवलंत तर तेच अंगाशी येईल. इथे काका त्याला आशीर्वाद म्हणतात.

आता मूळ दुखणं: ‘आया-वॉर्डबॉयची कामं’. या तीन शब्दांसाठी मला तावच्या ताव लागणार आहेत.

गृहस्थांना वाटतं, डॉक्टरांच्या मागे उभं राहिलं की ज्ञान वरून झिरपतं आणि बेडपॅन उचललं की ते गळून जातं. मुळात हा पेशा जन्मला कुठून? १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिली तुकडी घेतली. चार जण होते, चौघेही नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून राबलेले. त्यांच्याकडे पदव्या नव्हत्या; जखमा धुतलेले हात होते. असे हात वाया जाऊ नयेत म्हणून हा पेशा उभा राहिला, आणि १९६७ साली त्यांतले तिघे शिकून बाहेर पडले. म्हणजे अनुभव ही कॉलेजांनी मागाहून लावलेली अट नाही, कॉलेजच अनुभवाच्या मागून आलं. गृहस्थ ज्या कामाला नाक मुरडतात, त्याच कामाच्या जोत्यावर ही इमारत उभी आहे.

त्या कामात शिकायला काय असतं, म्हणता? वॉर्डातला टीपीआर चार्ट बघा. तापमान, नाडी, श्वास. नाडीचे आकडे बदलत जातात आणि श्वासाच्या रकान्यात मात्र ओळीने वीस, वीस, वीस. म्हातारा दम्याचा असो की पोरगं हर्नियाचं, सगळ्या वॉर्डाचा श्वास एका तालात चाललेला. कारण मिनिटभर गप्प बसून छाती वर-खाली होताना मोजायला कुणाला सवड नसते. मोजायचाही एक रिवाज आहे. रुग्णाला सांगून मोजला तर तो श्वास बदलतो, म्हणून नाडी पाहतोय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. हे केबिनमधल्या खुर्चीत बसून येत नाही. ज्याने महिनाभर इमानदारीने श्वास मोजले, त्याला एका सकाळी बत्तीस दिसतात आणि तो सिस्टरांना हाक मारतो. त्या एका हाकेत काकांची पन्नास पत्रं बुडतात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. चादर ओढून न घासता, दोघांनी मिळून उचलून. कंबरेच्या हाडावरची कातडी लाल दिसली की आजच सांगायचं. उद्या तिथे जखम असते. लघवीच्या पिशवीतलं माप घ्यायचं, रंग बघायचा, लिहायचं. हे घाण काम नव्हे, ही तपासणी आहे. डॉक्टर रुग्णाला पाच मिनिटं बघतात, आया त्याला दिवसभर बघत असते. आणि रुग्ण खरं बोलतो तेही बहुधा तिच्याशीच. ‘गोळ्या बंद केल्यात, परवडत नाहीत’ हे वाक्य केबिनमध्ये ऐकू येत नाही.

‘दुसरी संधी कुठे?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा बेलूरला यावं. पुणे-बंगळुरू महामार्गावरची ही औद्योगिक वसाहत. बसगाड्या बांधणाऱ्या कारखान्यापासून चार लेथ टाकलेल्या शेडपर्यंत सगळं इथे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी, ती सांभाळायला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेला माणूस आणि पाचशेहून जास्त कामगार असतील तिथे स्वतंत्र रुग्णोपचार खोली घालून दिली. इथल्या एका कारखान्यात मी कामगार खात्यात होतो आणि आमची ती खोली माझ्या टेबलाशेजारी होती. तिथे मदतीला असलेला, नर्सिंगला प्रवेश मिळायची वाट पाहणारा एक मुलगा मी जवळून पाहिला.

एकदा प्रेसवर कामगाराच्या बोटाचं पेर तुटलं. सगळे त्या माणसाभोवती गोळा झाले. मुलाने जखमेवर दाब देऊन हात वर धरायला सांगितला आणि स्वतः तुटलेलं पेर शोधायला गेला. ते ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बांधली, मग ती पिशवी बर्फात ठेवली. बर्फ थेट मांसाला लागू दिला नाही, लागला तर ते जोडण्याजोगं राहत नाही. अॅम्ब्युलन्स निघताना पिशवी चालकाच्या नव्हे, सोबत्याच्या हातात दिली.

खरं शिक्षण पुढेच होतं. आठवड्याने दुसरा एक जण डोळा चोळत आला. म्हणाला, घरी कचरा गेला. मुलाने डोळा चोळू दिला नाही, पाण्याने धुतला आणि हळूच विचारलं, “ग्राइंडरवर होतास ना रे?” तो गप्प. मुकादमाने सांगून ठेवलं होतं, रजिस्टरात अपघात चढवायचा नाही. घरचा कचरा आणि ग्राइंडरचा तापलेला कण यांत डोळा जाण्या-राहण्याचा फरक असतो. मुलाने खरं काढून घेतलं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि ईएसआयच्या फॉर्मसाठी मुकादमाशी भांडला. रुग्ण खोटं का बोलतो, कुणाला घाबरून बोलतो, हे ज्याला उमगलं त्याला हकिगत घेता येते. या विद्येचं पुस्तक नाही. तो मुलगा घरी मराठी बोलणारा. कामगारांना ‘एल्ली नोयतैत्री?’ (कुठे दुखतंय?) असं धारवाडी कन्नडात विचारायचा आणि उत्तरेकडच्यांना हिंदीत. गृहस्थांच्या लेखी तो वॉर्डबॉय.

हा वाद आजचा नाही. डिप्लोमा झालेल्या मुलांनी बेलूरला अप्रेंटिस म्हणून जावं की नाही, यावर याच गावात याच सुरात काथ्याकूट झाला होता. ‘तिथे झाडू मारायला लावतात’ असं तेव्हाही म्हणत. लावतातच. मशीनखालचा कीस झाडणाऱ्याला टूल कुठे झिजतंय ते आधी दिसतं. तेव्हाही टाळ्या समोरच्यांना पडल्या होत्या आणि आज त्यांचीच मंडळी ‘हाताला काम येणारी पोरं मिळत नाहीत’ म्हणून हळहळतात. त्याआधीचा लायसेन्शिएट डॉक्टरांचा वाद तर आजोबांच्या पिढीचा. १९४६ च्या भोर समितीने डॉक्टर एकाच दर्जाचा असावा अशी शिफारस केली, कमी मुदतीचा तो अभ्यासक्रम पुढे बंद पडला, आणि खेड्यात कोण जाणार हा प्रश्न मात्र तिथल्या तिथेच राहिला. त्याही वेळी ‘अर्धवट डॉक्टर’ म्हणून हिणवणारे होते. हिणवणं सोपं, रात्री दोनला दार उघडणं अवघड. असो, विषय लांबला.

मंडन आता थोडक्यात, कारण ते अवघड नाही, फक्त कष्टाचं आहे.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि गावातल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्यांतल्या कित्येकींना लिहितावाचताही येत नव्हतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने, आकडे न येणाऱ्या बायांनाही बाळाचा श्वास मोजता यावा म्हणून मणी सरकवून मोजण्याचं साधन दिलं. नंतर गावच्या आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं सांभाळली, तिथला नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटला, आणि ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. ज्यांच्याकडे मार्कलिस्ट नव्हती, त्यांनी श्वास खरे मोजले. आमच्या पीयूसीच्या मुलांना ते जड जाऊ नये.

मुलांनी करावं ते एवढंच. आधी प्रथमोपचाराचं रीतसर प्रमाणपत्र घ्या. मग रुग्ण-साहाय्यकाचं लहानसं प्रशिक्षण घेऊन, वॉर्डात, कारखान्याच्या उपचार खोलीत किंवा घरी पडून असलेल्या म्हाताऱ्यांच्या सेवेत सहा महिने तरी पगारी काम करा. पगार कमी असेल, पण पगार देणारा काम मागतो, काका मागत नाहीत. शिकवलं नाही ते करू नका, मग मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तरी. रोजची नोंद ठेवा. तीत रुग्णाचं नाव लिहू नका, आपण काय केलं आणि काय कळलं नाही ते लिहा. तास आपोआप भरतात. अमेरिकेला जाणं झालं नाही तरी ते वाया जात नाहीत. या पेशाचं इथलं शिक्षण बारावीनंतर थेट सुरू होतं आणि इंटर्नशिप शेवटी येते; हे सहा महिने पदरी असलेला मुलगा त्या इंटर्नशिपला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल.

राहता राहिली धारवाड-हुबळीची डॉक्टर मंडळी. त्यांना विनंती एकच. न केलेल्या तासांवर सही करू नका, मग मागणारा सख्ख्या बहिणीचा मुलगा का असेना. आणि कुणी खरोखर काम मागायला आला, तर त्याला केबिनमध्ये खुर्ची देऊ नका. वॉर्डात सिस्टरांच्या हाताखाली पाठवा.