पिल्लांची भुकटी आणि सरकारची झोप

कोकणातल्या बंदराला ट्रॉलर लागला की मासळीचे दोन ढीग पडतात. एका ढिगाभोवती व्यापाऱ्यांची झुंबड: सुरमई, पापलेट, कोळंबी. दुसऱ्या ढिगाला बर्फही मिळत नाही. त्यात असतात बोटभर राणीमासे, बांगड्यांची पिल्ले, रुपयाएवढी पापलेटे. फावड्याने ती क्रेटमध्ये भरायची आणि फिशमीलच्या कारखान्याकडे धाडायची! तिथे ती शिजवून, पिळून, वाळवून त्यांची तपकिरी भुकटी करतात. किलोभर भुकटीला चार-पाच किलो ओली मासळी लागते. आणि ही भुकटी जाते कुठे? तळ्यातल्या कोळंबीच्या, पिंजऱ्यातल्या माशांच्या खाद्यात! समुद्रावरचा भार हलका करण्यासाठी मत्स्यशेती करा, असे कानीकपाळी ओरडणाऱ्यांना आम्ही विचारतो, पेरणीचे बियाणे दळून खाण्याला तुम्ही शेती म्हणता काय?

२०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या मासळीचा किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. त्याहून लहान धरायची नाही. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. मान कागदावर आणि पिल्ले भट्टीत! जोवर जिवाच्या करारावर जाळे टाकणाऱ्या छोट्या मच्छीमारासमोरच पट्टी धरली जाते आणि भट्टीचे दार मोकळे राहते, तोवर या नियमाला काडीची किंमत नाही.

माशांना मासेच हवेत, ही सबब आता चालणार नाही. रोहू, कटला भाताच्या कोंड्यावर आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर पिढ्यान्पिढ्या पोसले गेले. सामन तर पक्का मांसाहारी. पण नॉर्वेत १९९० साली त्याच्या खाद्यात सुमारे ६५ टक्के फिशमील होते, २०२० साली ते १२ टक्क्यांवर आले. त्याची जागा मुख्यतः सोयाबीन, गहू अशा वनस्पतींच्या प्रथिनांनी घेतली. हे फुकट साधले नाही. कच्च्या सोयाबीनमधले काही घटक माशाला प्रथिने पचू देत नाहीत, म्हणून सोयाबीनला उष्णता द्यावी लागते. मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडते, ते वेगळे घालावे लागते. वनस्पतींतल्या फायटेटमध्ये अडकलेला फॉस्फरस मोकळा करायला फायटेज हे विकर लागते. नुसत्या सोयाबीनच्या पेंडीने सामनच्या आतड्याला सूज येते, म्हणून प्रथिने वेगळी काढून वापरतात. अडचणी खऱ्या, पण त्या प्रयोगशाळेत सुटणाऱ्या आहेत. समुद्रातून संपलेला मासा कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार? १९७० च्या सुमारास पेरूने वर्षाला एक कोटी टनांहून अधिक अँचोवी उपसली, बहुतेक भुकटीसाठीच. एल निनो आला आणि १९७३ पर्यंत तो सारा धंदा भुईसपाट झाला.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? लातूरपासून विदर्भापर्यंत सोयाबीनचे आगर. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, पण बाजारात शेतकऱ्याच्या हाती पडले त्याहून कितीतरी कमी. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. तिला गिऱ्हाईक हवे, कोळंबीला खाद्य हवे आणि मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आपल्याच वर्सोव्यात आहे. तरीही शेतकरी रडतो, कोळी रडतो आणि मंत्रालय घोरते!

आमचे मागणे स्पष्ट आहे. फिशमीलचे कारखाने डोकी, आतडी, काटे यांवर चालवा. अख्खे पिल्लू दारात आले की माल जप्त करा आणि परवाना रद्द करा. खाद्याच्या प्रत्येक गोणीवर फिशमीलचे प्रमाण छापायला लावा. मत्स्यशेतीचे सरकारी अनुदान, ज्या खाद्यात ते प्रमाण दरसाल उतरते आहे, त्यालाच द्या. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी हा आदेश निघाला पाहिजे.