दुबई सावकाश पाहावी

प्रवासाचा बेत ठरला की आपल्याकडे सर्वांत आधी यादी तयार होते. काय काय पाहायचे, हा पहिला प्रश्न. दुबईच्या बाबतीत तर ही यादी लांबतच जाते. जगातील सर्वांत उंच इमारत, समुद्रात भराव घालून केलेले खजुराच्या झाडाच्या आकाराचे बेट, मोठमोठी दुकाने, सोन्याची पेठ, वाळवंटातील सफर; आणि हे सारे चार दिवसांत! परत आलेल्या माणसाजवळ शेकडो छायाचित्रे असतात. पण शहर कसे आहे, असे विचारले तर "फार मोठे आहे" एवढेच उत्तर मिळते.

माझे मत निराळे आहे. दुबईला जायचे असेल तर निदान पाच दिवस जावे, आणि एका दिवशी शहराचा एकच भाग पाहावा. हा आळस नव्हे. त्या शहराची हवा आणि त्याची रचना यांचाच तसा आग्रह आहे.

हा विषय आपल्याला अगदी परका नाही. रत्नागिरी, रायगड, भिवंडी, मालेगाव किंवा मुंबई, कोणत्याही उर्दू शाळेच्या वर्गात ज्याचे वडील, चाचा किंवा मामू आखाती देशात नोकरीला आहेत, असा एखादा तरी विद्यार्थी सापडतोच. आज ना उद्या तुमच्यापैकी काहीजण तिकडे जाल. तेव्हा बेत कसा आखावा, याचा विचार आतापासून केलेला बरा.

मुंबईहून विमान सुमारे तीन तासांत दुबईला पोहोचते आणि घड्याळ दीड तास मागे करावे लागते. प्रवास सोपा, ऊन मात्र सोपे नाही. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि समुद्रामुळे हवा दमटही असते. संयुक्त अरब अमिरातीत दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे. ज्या वेळी कायदा कामगाराला उन्हातून उठवून सावलीत बसवतो, त्याच वेळी आपण लहान मुलांना घेऊन हौसेने फिरायला निघावे, हे मला पटत नाही. नोव्हेंबर ते मार्च हे महिने उत्तम. त्या दिवसांतही फजरनंतर दोन-तीन तास फिरावे, दुपारी विश्रांती घ्यावी आणि अस्रनंतर पुन्हा बाहेर पडावे. वाळवंटातील माणसे शतकानुशतके अशीच जगत आली आहेत. थंड हवेची यंत्रे आली म्हणून सूर्य बदललेला नाही.

रमजानमध्ये जाऊ नये, असे काहीजण सांगतात. त्या महिन्यात कामाचे तास कमी होतात, हे खरे. परंतु इफ्तारनंतर शहर जसे जागे होते, तसे इतर महिन्यांत होत नाही. ज्याला घाई नाही, त्याला रमजानची अडचण कशाला वाटावी?

दुसरी गोष्ट अंतराची. दुबई समुद्रकिनाऱ्याने लांबच लांब पसरली आहे. रुंद महामार्गाच्या पलीकडची इमारत हाकेच्या अंतरावर दिसते. पण तिथे पायी पोहोचायला पूल शोधावा लागतो आणि बराच वेळ जातो. २००९ मध्ये सुरू झालेली मेट्रो चालकाविना धावते. तिच्यात स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा डबा असतो. खाणेपिणे मात्र चालत नाही, दंड होतो. मेट्रोने सकाळी एका टोकाला आणि संध्याकाळी दुसऱ्या टोकाला जाता येते, म्हणून तसे करावे असे नाही.

मग सुरुवात कुठून करावी? मी म्हणेन, खाडीपासून. खाडीला अरबीत 'खोर' म्हणतात. या खोरच्या एका काठाला देरा आहे आणि दुसऱ्या काठाला बर दुबई. मधून 'अब्रा' नावाच्या लाकडी होड्या येजा करतात. अवघ्या एकदोन दिरहमांत माणूस पलीकडे जातो. माझ्या मते साऱ्या शहरातील ही सर्वांत मोलाची सफर आहे, आणि सर्वांत स्वस्त. एका बाकावर पाठीला पाठ लावून पठाण, बंगाली, केरळी, फिलिपिनो असे सारे बसलेले असतात. तिथे उर्दू बोलणाऱ्याला दुभाष्याची गरज पडत नाही.

पूर्वी दुबई म्हणजे ही खाडीच होती. उन्हाळ्याचे महिने येथील माणसे मोती काढण्यासाठी समुद्रावर असत. नाकाला चिमटा, पायाला दगड आणि कमरेला दोर बांधून पाणबुडे तळाशी जात. त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ आपली मुंबई होती. तिथून परत येणारी गलबते तांदूळ, कापड आणि लाकूड घेऊन येत. पुढे जपानमध्ये शिंपल्यात मोती तयार करण्याची युक्ती निघाली, १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली आणि दुबईचा हा धंदा बुडाला. किती घरे उपाशी राहिली असतील, याची कल्पना करावी. तेल सापडले ते १९६६ मध्ये. पण त्याच्या आधीच, खाडीत वाळू साचून गलबते अडू लागली, तेव्हा कर्ज काढून ती खोल करण्यात आली होती. व्यापार आधी आणि तेल नंतर, हा क्रम बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसतो.

आणखी एक गंमत सांगतो. १९६६ पर्यंत या भागात रुपया चालत असे. १९५९ मध्ये भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखाती प्रदेशासाठी निराळ्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या. दिरहम आला तो १९७३ मध्ये. आज आपण रुपये देऊन दिरहम घेतो, तेव्हा ही गोष्ट आठवण्यासारखी आहे.

बर दुबईच्या बाजूला अल फहीदी ही जुनी वस्ती आहे. इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती वसवली. अरुंद गल्ल्या, जाड भिंती आणि घरांवर चौकोनी मनोरे. या मनोऱ्यांना 'बरजील' म्हणतात. चारही बाजूंनी उघडा असलेला मनोरा वारा पकडतो आणि खालच्या खोलीत उतरवतो. विजेशिवाय घर थंड ठेवण्याची ही युक्ती! गल्ल्या अरुंद का, याचे उत्तरही तिथे उभे राहिले की मिळते. दोन्ही भिंतींची सावली एकमेकींना भेटते आणि माणूस उन्हापासून वाचतो. या वस्तीला एक पूर्ण सकाळ द्यावी. जवळच १७८७ च्या सुमाराचा अल फहीदी किल्ला आहे. तो पाहिला म्हणजे काचेच्या इमारतींपूर्वीचे शहर केवढे होते, ते समजते.

बुर्ज खलिफा पाहूच नये, असे मी म्हणत नाही. ८२८ मीटर उंचीची ही इमारत २०१० मध्ये खुली झाली. एका संध्याकाळी ती खालून पाहावी; वर जायचे असेल तर तिकीट आधी काढावे. ती इतकी उंच आहे की वरच्या मजल्यांवर सूर्य उशिरा मावळतो. म्हणून ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटे आणि १५० व्याच्या वर असणाऱ्यांनी तीन मिनिटे उशिरा रोजा सोडावा, असे २०११ मध्ये दुबईच्या मुफ्तींनी सांगितले होते. पृथ्वी गोल असल्याचा इतका चांगला पुरावा भूगोलाच्या पुस्तकातही मिळणार नाही. दुकानांविषयी मला काही सांगायचे नाही. ती सगळीकडे असतात.

वाळवंटात मात्र जावे. लोक तिथे जातात ते मोटारीतून वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारायला. अर्धा तास आरडाओरडा होतो, कुणाला ओकारी येते आणि वाळवंट पाहिले असे आपण समजतो. त्यापेक्षा सूर्य मावळताना टेकडीच्या पायथ्याशी शांत बसावे. वाळू झपाट्याने थंड होऊ लागते, ती हाताला कळते. तिथे एकटेदुकटे उभे असलेले 'घाफ' नावाचे झाड दिसेल. ते या देशाचे राष्ट्रीय झाड आहे. आणि तीच आपली शमी. राजस्थानात तिला खेजडी म्हणतात. मुळे खूप खोल नेऊन ती पाणी शोधते.

पाण्याचा प्रश्न तर प्रत्येक पाहुण्याने स्वतःला विचारावा. दुबईत नदी नाही आणि वर्षभरात पाऊस सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास. कारंजी उडतात, बागा फुलतात, ते पाणी कुठून येते? ते समुद्राचे पाणी गोडे करून मिळवलेले असते, आणि त्यासाठी भरपूर इंधन जळते. उलट १६ एप्रिल २०२४ रोजी एकाच दिवसात एवढा पाऊस झाला की रस्ते आणि विमानतळ पाण्याखाली गेले. पाऊस गृहीत न धरता बांधलेल्या शहराची ही दुसरी बाजू आहे.

एक दिवस शहर सोडून अल ऐनला जाता आले तर फारच चांगले. मोटारीने साधारण दीड तास लागतो. 'ऐन' म्हणजे झरा. तिथे खजुरांची दाट बाग आहे आणि जमिनीखालून व चरांतून पाणी आणणारे 'फलज' आहेत. औरंगाबादची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कल्पना लगेच कळेल. २०११ मध्ये हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत आले. बागेत चटईवर बसून खजूर खाण्यापलीकडे तिथे दिवसभर काही केले नाही, तरी तो दिवस वाया गेला असे मी मानणार नाही.

कुणी म्हणेल, मास्तर, व्हिसा आणि विमानाचा एवढा खर्च करून जायचे, आणि कमी पाहून यायचे? राहण्याचे एकदोन दिवस वाढतात, हे मला मान्य आहे. परंतु खिसा रिकामा होतो तो मुख्यतः उंच मनोऱ्याच्या आणि करमणुकीच्या बागांच्या तिकिटांनी. खाडी, जुनी वस्ती, समुद्रकिनारा यांना जवळजवळ काहीच लागत नाही.

खरा प्रश्न पैशाचा नाही, माणसाचा आहे. आपली बहुतेक कुटुंबे दुबईला जातात ती तिथल्या नातेवाइकाच्या भरवशावर. चाचा आठवडाभर राबतात. त्यांना एक सुट्टी मिळते, कधी तीही पुरी मिळत नाही. त्या दिवशी आपण त्यांना वाटाड्या करून पाच ठिकाणी पळवतो, पिशव्या उचलायला लावतो आणि रात्री, "उद्या कुठे?" असे विचारतो. ज्यांनी पंधरा-वीस वर्षे तिथे काढली, ज्यांच्या पैशातून बहिणींची लग्ने झाली, आपली फी भरली गेली, ते राहतात कुठे, जेवतात काय, कामावर जातात कसे, हे न पाहताच आपण परततो. दुबईत दहापैकी नऊ माणसे बाहेरदेशची आहेत. त्यांचे आयुष्य वगळले तर त्या शहरातले उरते काय? काच आणि सिमेंट.

म्हणून पाच दिवसांपैकी चाचांच्या सुट्टीचा दिवस मोकळा ठेवावा. त्या दिवसापुढे काहीही लिहू नये. त्यांना हवे तितके झोपू द्यावे. जुम्मा असेल तर त्यांच्या नेहमीच्या मशिदीत त्यांच्याबरोबर जावे, त्यांच्या नेहमीच्या खानावळीत जेवावे. त्यांची इच्छा असेल तर विचारावे की या शहरात आल्यावर पहिली रात्र कुठे काढली होती. बहुधा ती जागा देऱ्याच्या एखाद्या गल्लीतच असेल. तिथे मेट्रोने जाता येते.